अर्धेलीची शेळी

नायगावात शेळी पाळायला जागा कधीच नव्हती. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. एका मजल्यावर २० खोल्या, एका इमारतीत ८०. मधल्या बोळातून सायकल न्यायची म्हटलं तरी कुणाचं तरी पिंप आडवं यायचं. तरीसुद्धा नायगावात राहणाऱ्या कितीतरी माणसांच्या मालकीच्या शेळ्या होत्या. माणसं स्प्रिंग मिलमध्ये नाहीतर कोहिनूर मिलमध्ये पाळीवर जायची आणि त्यांच्या शेळ्या माणच्या, खटावच्या, जतच्या माळावर चरायच्या. गिरणी कामगार इतिहासात येतो तो संपात, मोर्चात, भजनी मंडळात. त्याच्या शेळीचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. तो मांडायला हवा, कारण पुढं पडत्या काळात त्या शेळीनंच पुष्कळ घरं तगवली आणि पुढं शेळी-कोंबडीच्याच नावानं पुष्कळ घरं बुडालीसुद्धा.

मुंबई सरकारच्या विकास खात्यानं १९२० च्या दशकात या चाळी बांधल्या. नायगावला त्यांच्या ४२ इमारती. कोकणातला माणूस, घाटावरचा माणूस, गिरणीतला, पोलिसातला, गोदीतला, सगळे इथं एका बोळात आले. बायकापोरं बहुधा गावी. पगार झाला की भोईवाड्याच्या खानावळीचं बिल द्यायचं, वाण्याची उधारी फेडायची आणि उरलं ते मनिऑर्डरनं गावी. बँक कुणाला ठाऊक नव्हती. चार पैसे शिल्लक पडले तर ते ठेवायचे कुठं? माणसं ते शेळीत ठेवायची.

त्याची रीत ठरलेली होती. आमच्याकडं तिला अर्धेली म्हणतात. मुंबईकर सुट्टीवर आला की बाजारातून एखादी पाट विकत घ्यायचा. पाट म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी. ती तो गावातल्या एखाद्या गरजू घराला सांभाळायला द्यायचा. बहुतेक वेळा ते घर एखाद्या विधवा बाईचं असायचं, नाहीतर ज्याला जमीन नाही अशा माणसाचं. पाट मालकाची, चारणं-पाजणं सांभाळणाऱ्याचं. दूध सांभाळणाऱ्याच्या पोरांना, लेंडीखत त्याच्या नाहीतर त्याच्या भावकीच्या रानात. करडं झाली की निम्मी मालकाची, निम्मी सांभाळणाऱ्याची. जुळी झाली तर एकेक. एकच झालं तर पहिलं एकाचं, दुसऱ्या वेताचं दुसऱ्याचं. कागद नाही, सही नाही. शेळी मेली तर कातडं आणून दाखवायचं, एवढाच पुरावा.

ही रीत साधी दिसते, पण हिशेब चोख होता. शेळी पाच महिने गाभण राहते. नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेत देते. दर वेताला एक-दोन करडं धरली आणि एखादं दगावलं असं धरलं, तरी दोन वर्षांत चार करडं हातात. त्यातली दोन मालकाची. म्हणजे दोन वर्षांत भांडवल तसंच राहून वर दोन जिवं. बोकड झालं की आषाढात नाहीतर जत्रेला विकायचा. पाट झाली की ती पुन्हा दुसऱ्या घरी अर्धेलीनं. मुंबईत बसलेल्या माणसाला गावी चार घरांत चार शेळ्या असल्या की पोराच्या वह्या-पुस्तकांची, बहिणीच्या माहेरपणाची सोय व्हायची. आता लोक शेळीला चालतं-फिरतं एटीएम म्हणतात. तेव्हा एटीएम नव्हतं, पण गरज तीच होती.

या धंद्यात जातिवंत जनावराला किंमत नव्हती असं नाही. उलट फार होती. माझी आजी माण तालुक्यातली. तिला सही येत नव्हती, पण दावणीतल्या प्रत्येक शेळीची चार पिढ्यांची आठवण तिच्या डोक्यात. बाजारात पाट बघताना ती आधी आईची चौकशी करायची. “रंग काय चाटायचाय? हिची आय किती द्यायची ते सांग. जुळं टिकवायची का एकच पाजायची?” म्हणायची. जुळी देणारी, दोन्ही करडांना पुरेल इतकं दूध असणारी, दुष्काळात अंग न टाकणारी, अशी शेळी तिच्या लेखी जातिवंत. अशा शेळीच्या पोटची पाट ती कधी विकायची नाही. बोकडाचंही तसंच. ज्याची आई एकुलतं देणारी, तो बोकड लहानपणीच खच्ची व्हायचा. गावात पैदाशीचा म्हणून एकच राखलेला असायचा आणि शेळी माजावर आली की तो दाखवायला कुणी पैसे घ्यायचं नाही. फार तर एक नारळ.

पुस्तकात ज्याला उस्मानाबादी शेळी म्हणतात ती अशाच निवडीतून तयार झाली. धाराशिव, लातूर, सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यात बहुतांशी काळ्या रंगाची, जुळी देण्यात पटाईत, कमी चाऱ्यावर निभावणारी. नाशिक-नगर-पुण्याकडं संगमनेरी, सिंधुदुर्गात कोकण कन्याळ, विदर्भात बेरारी. यांची नावं सरकारी यादीत नंतर लागली. जात आधीच होती, आजीसारख्या बायकांच्या आणि धनगरांच्या डोक्यात लिहिलेली.

गंमत म्हणजे जनावराच्या जातीचं आणि आरोग्याचं शास्त्र शिकवणारी या इलाख्यातली मोठी शाळा नायगावच्या शेजारीच होती. परळचं बैलघोडा हॉस्पिटल. कागदोपत्री नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचा दवाखाना. गिरणीमालक दिनशा पेटिटांच्या देणगीतून १८८० च्या दशकात तो उभा राहिला आणि त्याच्याच आधारानं २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जवळच जुन्या गव्हर्नर हाऊसमध्ये १८९९ साली हाफकिनसाहेबांची प्लेगची प्रयोगशाळा आली. १९०५ नंतर प्लेगचा तपास करणाऱ्या मंडळींनी मुंबईतल्या प्लेगच्या घरांमध्ये गिनीपिग मोकळे सोडले, त्यांच्या अंगावर जमलेल्या पिसवा मोजल्या आणि उंदराची पिसूच रोग पसरवते हे पक्कं केलं. अशा कामासाठी सारख्या जातीची, निरोगी, लहान जनावरं मुद्दाम वाढवावी लागतात. म्हणजे लहान जनावरांची नोंद ठेवून पैदास करण्याचं शास्त्र नायगावपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. पण ते आमच्या अर्धेलीच्या शेळीपर्यंत यायला फार वर्षं लागली. आलं ते आधी लसीच्या रूपानं. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचली की सकाळी चांगली दिसणारी शेळी संध्याकाळी पाय ताणून पडायची थांबली. जातिवंत बोकडापेक्षा त्या लसीनं गरिबाचं जास्त भलं केलं, असं माझं मत आहे.

जातिवंताचा पहिला मोठा धडा गावाला कोंबडीनं दिला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या योजनांमध्ये सरकारनं गावोगाव परदेशी कोंबडे वाटले. पांढरे लेगहॉर्न, तांबडे ऱ्होड आयलंड रेड. गावठी कोंबडे काढून टाका आणि हे ठेवा, म्हणजे पुढची पिढी जास्त अंडी देईल, असा सल्ला होता. अंडी वाढलीही. पण ही कोंबडी खुडूक बसेना, कावळ्या-घारीला चुकवता येईना, उकिरड्यावर पोट भरेना. बायका म्हणायच्या, “साहेबाची कोंबडी, साहेबासारखीच. ताटात वाढल्याबिगर जेवत न्हाई.”

पुढं १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुणे हे देशातल्या कोंबडीधंद्याचं मोठं केंद्र झालं. संकराचा ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आसपास दोन किलोचा होऊ लागला. चिकन स्वस्त झालं, हजारो शेतकऱ्यांना जोडधंदा मिळाला, हे खरं. पण त्यात एक गोष्ट बदलली ती नीट समजून घेण्यासारखी आहे. संकरित कोंबडीची पिल्लं धरून उपयोग नसतो, कारण पुढच्या पिढीत ते गुण टिकत नाहीत. आजी-आजोबा कोंबड्या कंपनीकडं, आई-बाप हॅचरीत आणि शेतकऱ्याकडं फक्त नातवंडं. दर खेपेला पिल्लू विकत घ्यायचं. जातीची किल्ली शेतकऱ्याच्या कनवटीला राहिली नाही. माझी आजी जी वही डोक्यात ठेवायची, ती वही आता दुसऱ्याच्या कपाटात गेली.

जात विकण्यापेक्षा ती भाड्यानं देण्यात जास्त पैसा आहे, हे इंग्लंडात फार आधी कळलं होतं. अठराव्या शतकात लेस्टरशायरच्या डिशली गावात रॉबर्ट बेकवेल नावाचा शेतकरी होता. त्यानं लांब लोकरीच्या मेंढ्यांतून लवकर मांस धरणारी जात घडवली. पण पैदाशीचे मेंढे तो विकायचा नाही. हंगामापुरते भाड्यानं द्यायचा आणि काम झालं की परत आणायचा. मेंढ्याची लेकरं दुसऱ्यांच्या कळपात कशी निपजतात ते त्याला फुकट बघायला मिळायचं आणि उत्तम मेंढा शेवटी त्याच्याच दावणीला राहायचा. आमच्याकडचा एका नारळाचा बोकड आणि बेकवेलचा मेंढा यांत फरक एवढाच की आमच्याकडं जात गावाची होती, त्याच्याकडं त्याची एकट्याची.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिना गेला, दोन महिने गेले, वर्ष गेलं. नायगावच्या खोल्यांतून माणसं ट्रंका घेऊन गावाकडं निघाली. गावात त्यांच्या वाट्याची जमीन दोन-चार एकर, तीही कोरडवाहू आणि भावाच्या ताब्यात. ज्यांच्या अर्धेलीच्या शेळ्या होत्या त्यांना निदान बाजाराला न्यायला काहीतरी होतं. आमच्या घरात त्या दोन वर्षांत सात बोकडं विकली गेली. किराणा त्यावर चालला. सांभाळणाऱ्या बाईनं तर एकदा स्वतःच्या वाट्याची पाट आणून दावणीला बांधली आणि म्हणाली, “तुमच्या पडत्या दिसात म्या कशाला वाटा घिऊ? पुढच्या येताला बघू.” संपाच्या काळात कामगारांच्या मागं कोण उभं राहिलं, याची यादी करताना अशा बायकांची नावं घ्यायला हवीत.

संप मोडला, गिरण्या एकेक करत बंद झाल्या. भरपाईचे पैसे कुणाला लवकर मिळाले, कुणाला फार उशिरा. एकरकमी पैसा हातात आलेला, वय पन्नाशीकडं झुकलेलं, पोरं बेकार. अशा माणसाला जो तो जोडधंदा सुचवू लागला. आणि याच काळात जातिवंत हा शब्द बाजारात फार जोरात चालू लागला.

सगळाच बाजार खोटा होता असं नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं काम मुद्दाम सांगण्यासारखं आहे. बॉन निंबकरांनी ती १९६८ मध्ये काढली. तिथं १९९० च्या दशकात बोअर जातीच्या शेळ्यांचे गोठवलेले भ्रूण ऑस्ट्रेलियातून आणून इथल्या शेळ्यांच्या पोटी वाढवले. बोअर मूळची दक्षिण आफ्रिकेची, मांसाला जड. मेंढ्यांमधलं काम तर याहून नवलाचं. सुंदरबनातली गारोळ मेंढी अंगानं बारकी, पण जुळी-तिळी देणारी. तिच्यातला जुळं देणारा गुण एकाच जनुकात असतो. अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालमधून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांबरोबर तोच गुण तिकडच्या मेरिनोत उतरला, असं मानतात. संस्थेनं तो दख्खनी मेंढीत आणला, रक्त तपासून कोणत्या कोकरात तो आहे हे बघितलं आणि नंतर धनगरांच्या कळपात देऊन वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. किती जुळी झाली, किती जगली, आईला दूध पुरलं का. आजीचे प्रश्न तेच, फक्त वहीत लिहिलेले.

पण बाजाराला वही नको होती, नाव हवं होतं. बोअर म्हटलं की भाव दुप्पट. थोडं पांढरं अंग आणि तांबडं डोकं दिसलं की ती बोअर. कानाला बिल्ला नाही, आईबापाचा पत्ता नाही. मग इमू आला. ऑस्ट्रेलियाचा उंच पक्षी, हिरवंगार अंडं. तेल औषधी, कातडं महाग, मांसात चरबी कमी, असं सांगायचे. जोडी घ्या, पिल्लं आम्हीच परत घेतो. आमच्या चाळीतल्या एका शेजाऱ्यानं गिरणीची भरपाई त्यात घातली आणि गावाकडं तारेचं कुंपण घातलं. घेणारी कंपनी वर्ष-दीड वर्षात दिसेनाशी झाली. पक्षी मात्र रोज खाद्य मागायचे. शेवटी त्यानं ते फुकट घ्या म्हणून माणसं शोधली. २०१२ मध्ये तमिळनाडूत पेरुंदुराईला इमूचा असाच मोठा फुगा फुटला, तेव्हा देशभर कळलं की असा शेजारी गावोगाव आहे.

त्यानंतर कडकनाथ. ही कोंबडी मात्र खरी जातिवंत. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-धारच्या भिल्ल-भिलालांनी सांभाळलेली. पिसं, चोच, मांस, हाडांपर्यंत काळी. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं. कोंबडीत काही खोट नव्हती, हिशेबात होती. कडकनाथ वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देते आणि सव्वा-दीड किलो व्हायला पाच-सहा महिने लागतात. म्हणजे तिचं मांस महाग पडणारच आणि महाग मांस खाणारी माणसं मोजकी. तरी सांगली-कोल्हापूर-साताऱ्यात पैसे भरा, पिल्लं घ्या, अंडी नि कोंबड्या ठरल्या दरानं परत घेऊ, अशी योजना चालली. इस्लामपूरहून चाललेली ती योजना २०१९ मध्ये कोसळली, गुन्हे दाखल झाले. त्या सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांची यात्रा सांगली जिल्ह्यातून जाताना ताफ्यावर कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकली गेली.

आता यातला हिशेब बघा. समजा, पहिल्या दहा जणांनी जातिवंत जोड्या घेतल्या. त्यांचा फायदा खाटकाकडून येत नाही, नव्या पाळणाऱ्याकडून येतो. प्रत्येकानं दहा जणांना पिल्लं विकली तर शंभर पाळणारे झाले. त्यांनी दहा-दहांना विकली तर हजार. पुढं दहा हजार, मग लाख, मग दहा लाख. सहा पायऱ्यांत जिल्ह्यातली घरं संपतात. शेवटच्या पायरीवरच्या माणसाला नवा पाळणारा मिळत नाही. त्याला तराजूपाशीच जावं लागतं, आणि तराजूवर कडकनाथ असो नाहीतर बोअर, मांसाचाच भाव. वरच्या पायरीवरच्यांनी पैसे कमावले ही गोष्ट खरीच असते, म्हणून तर खालचे विश्वास ठेवतात.

माडग्याळ मेंढीची गोष्ट वरवर याच्या उलट वाटते. जत तालुक्यातल्या माडग्याळची ही मेंढी, उंच, फुगीर नाकाची, पांढऱ्या अंगावर तांबूस पट्टे. डिसेंबर २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात अशा एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली आणि मालकानं तो दिला नाही, ही बातमी देशभर गाजली. लोकांनी मालकाला वेड्यात काढलं. मला तो शहाणा वाटला. बेकवेलनंही मेंढा विकला नसता. पण त्या बातमीनंतर माडग्याळचं कोकरू म्हणून काहीही आणून कर्जानं विकत घेणारी माणसं दिसली, तेव्हा पुन्हा तीच पायरी आठवली.

मग जातिवंत जनावर पाळूच नये का? पाळावं. लहान जनावराची चांगली पैदास हा आजही कोरडवाहू माणसाचा सगळ्यात भरवशाचा जोडधंदा आहे. फक्त घेण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. याची आई कोण आणि तिनं काय दिलं, हे लिहिलेलं आहे का? याची पिल्लं मी स्वतः धरू शकतो का, का दर खेपेला दुसऱ्याच्या दारात जावं लागेल? आणि उद्या पाळणारा कुणीच आला नाही तर खाटकाच्या, दुधाच्या, अंड्याच्या भावात माझा खर्च निघेल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं असेल, तर ते जनावर कितीही देखणं असो, दावणीला आणू नये.

अर्धेलीच्या शेळीनं हे तिन्ही प्रश्न न विचारताच सोडवले होते. तिची आई गावानं बघितलेली असायची. तिची पाट पुढच्या घरी जायची. आणि काहीच जमलं नाही तर ती बाजारात उभी करून त्याच दिवशी रोख पैसे यायचे. तिच्यातून कुणी लखपती झालं नाही, पण तिच्यापायी कुणाचं घर गेल्याचंही मी ऐकलेलं नाही.

नायगावच्या बीडीडी चाळी आता पाडून तिथं उंच इमारती उभ्या करायचं काम चाललंय. स्प्रिंग मिलच्या जागेवर मनोरे आलेत. अर्धेलीचा कागद कधी नव्हताच, त्यामुळं तो कुठल्या कचेरीत सापडणार नाही. माणच्या बाजारात अजून एखादी म्हातारी पाटीच्या तोंडात बोट घालून दात बघते आणि आधी आईची चौकशी करते. तिच्याशेजारी बसून तिला काय काय ठाऊक आहे ते वहीत उतरवून घेणारी पोरं मिळाली, तर या धंद्याचं अर्धं शास्त्र हाती लागेल. उरलेलं अर्धं परळला आणि फलटणला आहेच.